माझ्या तोंडाचा जपानी म्हातारा

सन दोन हजार पंचवीस, एप्रिलचा शेवटचा आठवडा. उन्हाळा असा की बदलापुरात दुपारी लोखंडी गेटला हात लावता येत नव्हता. हे किस्से तिथून सुरू होतात.

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. लेथखाली लोखंडाचा कीस साठतो तसे ते साठतात. माणूस आपलं काम करत असतो. शिफ्ट संपल्यावर झाडू घेतला की कळतं, ढीग झाला. मी आनंदनगरच्या एका कंपनीत लेथवर काम केलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. शाळा चौथीपर्यंत. त्याची मला लाज नाही आणि कौतुकही नाही.

आता तुम्ही बसलाच आहात तर सांगतो. जपानी भाषा मला येत नाही. पण माझा चेहरा ती उत्तम बोलतो.

*

त्या साली जानेवारीत सुलोचनेला, माझ्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू परत आले. बोलणं आलं नाही. तिला कळायचं सगळं, पण शब्द ओठापर्यंत येऊन मागे फिरायचा. डॉक्टर म्हणाले, "रोज सराव करून घ्या. एकेक शब्द. घाई करू नका."

मी सराव सुरू केला. मला कारखान्यात जसं शिकवलं होतं तसा. सकाळी तिला खुर्चीत बसवायचं, समोर तांब्या ठेवायचा आणि म्हणायचं, "म्हण, तांब्या." ती गप्प. "म्हण, तांब्या." ती गप्प. मग माझा आवाज चढायचा. चालत्या मशीनच्या वर आवाज काढायची सवय, ती निवृत्त झाल्याने जात नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर जपानी भाषेचा क्लास होता. मनीषा बाई चालवायच्या. मुली त्यांना जपानी रीतीने 'सेन्सेई' म्हणतात. मी बाई म्हणतो. शिकवणाऱ्या बाईला बाई म्हणावं. जपानमधल्या वृद्धाश्रमांत म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला आपल्याकडच्या मुली जातात. त्यांना आधी भाषा शिकावी लागते. अंबरनाथ, उल्हासनगरहून मुली यायच्या.

एप्रिलच्या त्या आठवड्यात एका सकाळी बाई दारात उभ्या. मला वाटलं, आवाजाची तक्रार असेल. तक्रारच होती.

"आजोबा, असं शिकवलंत तर वरच्या माझ्या बोलत्या पोरी मुक्या होतील."

मला कुणी असं बोललेलं चालत नाही. पण मी दार लावलं नाही.

*

बाई लॅपटॉप घेऊन खाली आल्या. जपानीचे धडे त्या एआयवर बनवतात. पाहिजे ते लिहायचं, तो चित्र काढतो. चित्रातला माणूस हलतो, बोलतो. बोलताना ओठ स्वच्छ दिसतात. सांगाल तितकं सावकाश बोलतो, आणि तेच तेच कितीही वेळा विचारा, वैतागत नाही. हा शेवटचा गुण माझ्यात नाही.

बाई म्हणाल्या, "परकी भाषा शिकणाऱ्याला जे लागतं तेच आजींना लागणार. चित्र, आवाज, ओठ. भाषा घरची आहे एवढंच."

घरची भाषा त्या एआयला कमी येत होती. तांब्या सांगितला, फुलदाणी आली. पोळपाट सांगितला, चार पायांचं टेबल आलं. भांडी घासणारी बाई सांगितली, तर नथ, ठुशी, गजरा, शालू असा सगळा साज करून एक बाई भांडी घासताना आली. जणू लग्नाच्या मांडवातून तिला कुणी मोरीत आणून बसवलं होतं. बाईंनी मग आमच्याच स्वयंपाकघराचे फोटो काढून त्याला दाखवले. तेव्हा कुठे तांब्या आला. नथवाली मात्र गेली नाही. तिला राहू दिलं.

रोज क्लास सुटला की बाई खाली यायच्या. सुलोचना टक लावून बघायची, ओठ हलवायची. आवाज नाही. असे कितीतरी दिवस गेले.

मग भाकरी आली. नथवालीने तव्यावरून भाकरी उचलली, आमच्याकडे धरली, गोड हसली आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "भा-क-री." भाकरी कागदासारखी पांढरी. एक डाग नाही. पापुद्रा सुटलेला नाही.

सुलोचना खुर्चीत पुढे झुकली. ओठ हलले. म्हणाली, "कच्ची."

झटका आल्यापासूनचा तो तिचा पहिला शब्द. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. बाहेर आलो तेव्हा बाई पण डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "भाकरी दुरुस्त करून घेऊ का आजोबा?"

मी म्हणालो, "नको. अशाच चुका ठेवा."

त्या दिवसापासून बाई मुद्दाम चुकीचं बनवून आणायच्या. न उकळलेला चहा. कुकरमध्ये शिजणारी कोथिंबीर. उलटा पदर घेतलेली नथवाली. सुलोचना एकेकाला पकडायची. "उकळ." "वरून घाल." "पदर." गणपतीपर्यंत तिचे बरेच शब्द परत आले. सगळे चुका काढता काढता आले. त्याचा सराव तिने माझ्यावर जन्मभर केलेला होता.

*

मी कुणाचं काही अंगावर ठेवत नाही. बाईंना विचारलं, फी सांगा. त्या नाही म्हणाल्या. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मग मी वर जाऊन क्लासचा खडखडणारा पंखा नीट केला. दाराची बिजागरी बदलली. डुगडुगणारं टेबल तासून सरळ केलं.

बाई म्हणाल्या, "आजोबा, पंखा म्हणजे पंखा. आजींचं बोलणं म्हणजे पंखा नाही."

"मग काय ते सांगा. पण सांगा."

तेव्हा त्यांनी रेश्माची गोष्ट सांगितली. रेश्मा अंबरनाथची. क्लासमध्ये सगळ्यात हुशार. लेखी परीक्षेत पहिली. पण मुलाखतीत नापास झाली होती. त्या मुलाखतीत जपानमधल्या वृद्धाश्रमाचे साहेब चिडक्या म्हाताऱ्याचं सोंग घेतात. आंघोळ करणार नाही म्हणून ओरडतात. मुलगी काय करते ते बघतात. रेश्माने काय केलं? साहेब ओरडले तशी ती उठून खोलीबाहेर गेली. परत आलीच नाही.

"थंडीत दुसरी संधी आहे," बाई म्हणाल्या. "वडिलांची कंपनी बंद पडली आहे. ते म्हणालेत, ही शेवटची. नाहीतर एमआयडीसीत पॅकिंगला लाग. धड्यांसाठी मी एआयवर बनवलेले म्हातारे सगळे गोड आहेत. मला एक चिडका म्हातारा द्या. रेश्मा पास झाली की तुमचं माझं फिटलं."

मी विचार केला. म्हणालो, "चिडका म्हातारा कुठून आणू?"

आत सुलोचना भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. नुसतं निवडलेल्या भेंडीने माझ्याकडे दाखवलं आणि म्हणाली, "हे."

*

आधीचा गोड म्हातारा बघायला मी वर गेलो. एआयने बनवलेला जपानी आजोबा. गोरा, गुबगुबीत, गुडघ्यावर शाल. त्या दिवशी जेवण भरवायचा धडा होता. कोमलची पाळी. कोमल उल्हासनगरची, सिंधी. वडिलांचं कापडाचं दुकान. तिच्या घरी आलेला पाहुणा ताटावरून सहजासहजी उठू शकत नाही. आपल्याकडे तरी कुठे उठू देतात.

पडद्यावरचा आजोबा जपानीत म्हणाला, पोट भरलं. कोमल जपानीत म्हणाली, अजून थोडं. त्याने आभार मानले आणि खाल्लं. पुन्हा म्हणाला, आता पुरे. ही म्हणाली, माझ्यासाठी एक घास. त्याने आभार मानले आणि खाल्लं. मग रेश्माने, मग बाकीच्या मुलींनी आग्रह केला. तो प्रत्येकीचे आभार मानून खात राहिला.

बाई फोनवर बोलत होत्या. आत येऊन म्हणाल्या, "हे काय चाललंय?"

कोमल म्हणाली, "सेन्सेई, ये अंकल कितने स्वीट हैं! ना बोलतेच नहीं."

मी विचारलं, "एकूण खाल्लं किती?"

मुलींनी आपसांत हिशेब केला. पातेलंभर पेज झाली होती.

मी म्हणालो, "एव्हाना मेला असता."

बाईंनी तिथेच नियम केला. जपानी माणूस पुरे म्हणाला की पुरे. हात आवरायचा. मुलींची तोंडं उतरली. त्यांना आजवर घरी उलटं शिकवलं होतं. कोमल हळूच म्हणाली, "मतलब भूखा जाने देने का?"

मी बाईंना सांगितलं, "हा म्हातारा खोटा आहे. नको म्हणत नाही तो म्हातारा कसला?"

बाई म्हणाल्या, "मग तुमचा चेहरा द्या. आवाज पण."

दिला.

*

त्यांनी माझे फोटो काढले. आवाज घेण्यासाठी काहीतरी वाचा म्हणाल्या. मी वाचत नाही, बोलतो. लेथवर जॉब, म्हणजे कापायचा लोखंडी तुकडा, कसा बांधावा ते बोललो. तेवढं त्या एआयला पुरलं.

दोन दिवसांनी पडद्यावर मी. माझंच कपाळ, माझ्याच भुवया, माझाच खरखरीत आवाज, आणि जपानी घडाघडा. बघणाऱ्याला वाटावं, मी जन्मलो तिकडेच. सगळं बरोबर होतं. फक्त तो हसत होता. आणि हसताना वर खाली दातांची पूर्ण रांग. माझे समोरचे दोन दात पडलेत, त्याला वर्षं लोटली.

सुलोचनेला दाखवलं. तिने पडदा बघितला, मला बघितलं, परत पडदा बघितला, आणि हसायला लागली. आवाज करून. आजारपणात ती हसली होती, पण आवाज आला नव्हता. शेजारच्या बाई बघायला आल्या की काय झालं. मी तिथेच ठरवलं, दात राहू दे.

कोमलने तो व्हिडिओ घरी दाखवला. तिचे वडील एकदा तिला घ्यायला आले, तेव्हा माझ्याकडे जवळून निरखून बघत राहिले. म्हणाले, "साईं, वीडियो में दाँत एकदम बढ़िया हैं. किससे बनवाए?"

मी म्हणालो, "मशीनवर."

"फिर निकाल क्यों दिए?"

*

आता माझा स्वभाव त्याच्यात भरायचा होता. बाईंनी लिहून दिलं, हा म्हातारा तापट आहे, ओरडतो, आंघोळीला नाही म्हणतो. रेश्मा समोर बसली. जपानीत म्हणाली, आंघोळ करायची का?

पडद्यावरचा मी भुवया चढवून ओरडलो. चांगला ओरडलो. मला बरं वाटलं.

आणि लगेच हात जोडून, कमरेत वाकून म्हणालो, माफ करा, मी आवाज चढवायला नको होता, तुम्हाला वाईट तर वाटलं नाही ना?

मला बाईंनी अर्थ सांगितला तेव्हा मी उठून उभा राहिलो. "हे कुणी सांगितलं त्याला?"

"कुणी नाही. तो आपला आपणच मागतो माफी."

"माझ्या तोंडाने?"

बाईंनी पुन्हा लिहिलं. माफी मागायची नाही, अशी सक्त ताकीद दिली. पुढच्या वेळी तो ओरडला, आणि माफी मागितली नाही. त्याऐवजी रेश्माला म्हणाला, तू फार छान काम करतेस, तुझी प्रगती बघून आनंद होतो.

कोमल म्हणाली, "आजोबा, आपसे तो ये अच्छा है."

मी म्हणालो, "मग याच्याशीच पास व्हा." आणि खाली आलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो. बाईंचं अंगावर होतं.

*

मग बाईंनी दुसरी युक्ती काढली. मी स्वतः बसायचं. मी मराठीत बोलायचं, फोन ते ऐकणार आणि माझ्याच आवाजात जपानी करून बोलणार. म्हणजे राग माझा, भाषा त्याची.

पहिल्या दिवशी रेश्मा समोर आली तशी मी खच्चून म्हणालो, "चल नीघ इथून. पुन्हा तोंड दाखवू नकोस."

फोनने क्षणभर विचार केला. मग माझ्या आवाजात जपानी बोलला. मुली खो खो हसायला लागल्या. बाईंनी मला अर्थ सांगितला. आपणास गैरसोय होणार नसेल तर कृपया थोडा वेळ बाहेर थांबाल का.

मी म्हणालो, "यात माझं काय उरलं?"

बाई म्हणाल्या, "आवाज."

तो मात्र पुरला. सगळ्या हसत होत्या, रेश्मा हसत नव्हती. ती उठून दारापर्यंत गेली होती. जपानी शब्द कितीही सभ्य निघू देत, तिने माझं मराठी ऐकलं होतं. एक पाय उंबऱ्याबाहेर. तशीच उभी राहिली.

क्लास सुटल्यावर मी तिला जिन्यात विचारलं, "पोरी, तू उठून का जातेस?"

म्हणाली, "घरात बाबा चिडले की आम्ही सगळे बाहेर गॅलरीत जातो आजोबा. आई, मी, भाऊ. ते शांत झाले की आत येतो. मला वाटतं पाय आपोआपच उठतात."

"वाईट आहेत का बाबा?"

"नाही हो. कंपनी बंद पडली तेव्हापासून जास्त. मारत नाहीत कधी."

मी म्हणालो, "उद्या खाली ये. घरी. तिथे दार लांब आहे."

*

दिवाळी झाली. रेश्मा रोज संध्याकाळी आमच्याकडे यायची. बाई लॅपटॉप घेऊन यायच्या, आधी सुलोचनेचा सराव, मग रेश्माचा. मी खुर्चीत बसायचो आणि आंघोळीला नाही म्हणायचो. रेश्मा समजावायची. आंघोळ करायची का, करूया का, आता करता की थोड्या वेळाने, केली तर बरं वाटेल. जपानीत जितक्या तऱ्हेने विचारता येतं तितक्या तऱ्हेने विचारायची. मी प्रत्येकाला नाही म्हणायचो. मला अवघड नव्हतं. माझा आवाज चढला की ती उठायची, पण आता आमच्या मोरीच्या दारापर्यंत जाऊन थांबायची. तेवढाच फरक.

मुलाखत चार दिवसांवर आली. त्या संध्याकाळी रेश्मा रडकुंडीला आली होती. बाई पण दमलेल्या. म्हणाल्या, "अजून एकदा विचार."

सुलोचना भिंतीला टेकून बसली होती. तिने हात वर केला. आम्ही सगळे थांबलो. ती बोलायला लागली की आम्ही थांबतो. घाई केली की शब्द जातो.

"विचारू... नको," ती म्हणाली.

बाईंनी लॅपटॉपकडे हात नेला नाही. मीही तोंड उघडलं नाही.

"पाणी... काढलंय... सांग. गार होतंय सांग. आणि... बघू नको त्यांच्याकडे."

तोपर्यंत तिचे एकेक दोन दोन शब्द यायचे. एवढं सलग ती पहिल्यांदा बोलली. बोलून झाल्यावर तिने मुलाला निजवल्यावर टाकतात तसा श्वास टाकला.

रेश्मा उठली. मोरीत गेली. बादलीत नळ सोडल्याचा आवाज आला. बाहेर आली, माझ्या खुर्चीच्या हातावर टॉवेल टाकला आणि मराठीत म्हणाली, "आजोबा, पाणी काढलंय. गार होतंय." पाठ फिरवून चालू लागली.

मला आठवतं ते एवढंच की बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि मी टॉवेल खांद्यावर घेऊन मोरीच्या दारात उभा होतो. सकाळी माझी आंघोळ झालेली होती.

बाई म्हणाल्या, "अगं, जपानी घरात पण असंच सांगतात. विचारत नाहीत. पाणी तापलंय म्हणतात. आपण शिकलोय ते. वाक्य म्हणून पाठ केलं, वापरलं कधीच नाही."

लगेच लॅपटॉप उघडला. पडद्यावरच्या माझ्यावर प्रयोग. रेश्मा जपानीत म्हणाली, पाणी तापलंय, गार होईल. पडद्यावरचा मी दोन्ही रांगा दाखवून हसलो आणि म्हणालो, धन्यवाद, पण मी सरावासाठी बनवलेलं चित्र आहे, मला आंघोळ करता येत नाही.

सुलोचना म्हणाली, "निमित्त."

*

मुलाखत वरच क्लासमध्ये झाली. लॅपटॉपवर जपानचे साहेब. रुंद माणूस, केस पिकलेले, कोट घातलेला. समोर एकटी रेश्मा. पडद्यात दिसणार नाही अशा कोपऱ्यात बाई, मी आणि सुलोचना. सुलोचनेला जिना चढायला मी हात दिला. ती म्हणाली होती, येणार.

आधीचे प्रश्न रेश्माने धडाधड सोडवले. मग साहेबांनी कोट काढला, खुर्चीत मागे सरले, हाताची घडी घातली आणि म्हातारे झाले. बाई माझ्या कानात अर्थ सांगत होत्या. मला आंघोळ नको. तू कोण? मला हात लावायचा नाही. जा आपल्या देशात.

सोंग चांगलं होतं. मला त्या माणसाबद्दल आदर वाटला.

रेश्मा म्हणाली, आंघोळ केली तर... साहेब टेबलावर हात आपटून ओरडले.

रेश्मा उठली. गेली.

समोर रिकामी खुर्ची राहिली. बाईंनी डोळे मिटले. साहेब हाताची घडी घालून रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. मी दाराकडे बघितलं. दार बंदच होतं. मग क्लासच्या मागच्या मोरीतून आवाज आला. नळ. बादली. बादली भरेपर्यंत नळ चालू राहिला.

रेश्मा परत आली. हातावर टॉवेल. बसली नाही. टॉवेल लॅपटॉपच्या समोर ठेवला. जपानीत एक वाक्य म्हणाली, सावकाश, आवाज न चढवता. आणि साहेबांकडे न बघता, पाठ करून, मोरीकडे चालायला लागली.

पडद्यावर साहेबांचा चेहरा वर सरकत गेला आणि दिसेनासा झाला. आम्हाला नुसता त्यांचा कमरेचा पट्टा दिसत होता. ते उभे राहिले होते.

तिकडे कुणीतरी हसलं. मग बरीच माणसं हसली. साहेब खाली बसले तेव्हा तेही हसत होते, डोळ्यांवर हात होता. काहीतरी म्हणाले. बाईंनी मला अर्थ सांगितला नाही. त्यांनी सुलोचनेचा हात घट्ट धरला होता.

निकाल आठवड्याने आला. संध्याकाळी दार वाजलं. मी उघडलं. बाई होत्या, मागे रेश्मा, तिच्या मागे जिन्यात एक पायरी खाली तिचे वडील, हातात पेढ्यांचा पुडा. मी बाजूला झालो. बाई माझ्यापाशी थांबल्या नाहीत. सरळ आत गेल्या, सुलोचनेच्या पायाला हात लावला आणि म्हणाल्या,

"आजी, फिटलं."